खोडदचे तीस कान

मंडळी, आज विषय जरा तांत्रिक आहे. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या आणि आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवलेल्या बाईने रेडिओच्या सर्किटांवर लिहायचं म्हटल्यावर आमच्या घरातच हशा पिकला. पण मला हा विषय इतिहासाच्या दारातूनच सापडला. पुतण्या इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर आहे, त्याला फोन करकरून शब्दांचे अर्थ विचारून घेतले. मांडणी माझी, त्यामुळे जाणकारांनी जरा सांभाळून घ्यावं.

गोष्ट आहे जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची. तिचं पूर्ण नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. आपण खानदेशातली मंडळी नाशिकमार्गे पुण्याला जातो तेव्हा वाटेत नारायणगाव लागतं. तमाशाची पंढरी म्हणून ते आपल्याला ठाऊक असतं, द्राक्षं-टोमॅटोसाठी ठाऊक असतं. तिथून पूर्वेला दहाएक किलोमीटरवर, शेतांच्या मधोमध, मीटरभर लांबीच्या लहरी ऐकणार्‍या जगातल्या मोठ्या दुर्बिणींपैकी एक उभी आहे, हे मात्र बसमधल्या किती जणांना माहीत असेल? मलाही कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

आधी घरातला रेडिओ आठवू या.

साठच्या दशकात आमच्या धरणगावात गल्लीत एखाद्याच घरी रेडिओ असायचा. त्याचं पोस्टातून लायसन काढावं लागे. बुधवारी रात्री बिनाका गीतमाला लागायची तेव्हा रेडिओ सिलोन धरून ठेवणं हे एका माणसाचं कामच असे. आवाज यायचा, जायचा, मध्येच भलतीच भाषा घुसायची. मग बटण केसभर फिरवायचं. त्या बटणामागे काय आहे याचा विचार तेव्हा कुणी करत नव्हतं. मागे असते एकात एक सरकणार्‍या पातळ पत्र्यांची जुडी. दुरुस्तीवाले तिला 'गँग' म्हणत. बटण फिरवलं की पत्रे एकमेकांत कमी-जास्त शिरतात आणि सर्किट वेगळ्या लहरीशी जुळतं. तारा त्याच, जोड तेच, पण कुठल्या लहरीला आत घ्यायचं ते आपल्या दोन बोटांवर! वापरता वापरता बदलता येणारं सर्किट म्हणतात त्याचं हे सगळ्यात साधं रूप. पुतण्या त्याला 'रिकॉन्फिगरेबल' म्हणतो. मी आपली 'फेरजुळणी' म्हणते.

आता आकाशाकडे वळू. तारे, दीर्घिका, त्यांच्यामधला हायड्रोजन वायू, सगळे रेडिओ लहरी सोडत असतात. पण त्या इतक्या क्षीण की विचारू नका. चंद्रावर एक साधा मोबाइल चालू करून ठेवला तर पृथ्वीवरून तो आकाशातल्या सगळ्यात ठळक रेडिओ स्रोतांच्या पंगतीत बसेल, एवढं सांगितलं की पुरे.

क्षीण आवाज ऐकायला मोठा कान हवा. शिवाय रेडिओ लहरी लांब असतात, त्यामुळे कान मोठा असूनही नजर अंधुकच राहते. हायड्रोजनची लहर २१ सेंटिमीटरची. ४५ मीटर व्यासाची तबकडी घेतली (शाळेचं अख्खं मैदान झाकेल एवढी!) तरी या लहरीवर तिला आकाशाचा जो सगळ्यात लहान तुकडा वेगळा ओळखता येतो, तो पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या निम्म्याहून मोठा असतो. चंद्राएवढ्या जागेत काय काय आहे ते तिला वेगवेगळं सांगताच येत नाही. बारीक पाहायचं तर तबकडी पंचवीस किलोमीटरची हवी. ती कोण बांधणार?

यावर तोडगा असा, की एक प्रचंड तबकडी बांधण्याऐवजी लहान तबकड्या दूर दूर मांडायच्या आणि त्यांनी ऐकलेलं एकत्र आणायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण खरी गंमत आणि खरा त्रास 'एकत्र आणायचं' या दोन शब्दांत आहे.

शाळेच्या प्रार्थनेचं उदाहरण घेते. मैदान शंभर मीटर लांब असेल तर शेवटच्या रांगेचा आवाज व्यासपीठापर्यंत यायला सेकंदाचा सुमारे तिसरा हिस्सा लागतो. सगळी मुलं बरोबर म्हणत असतात, तरी पुढे उभ्या असलेल्या बाईंना गोंधळच ऐकू येतो. कारण प्रत्येक रांग आपल्या अंतराइतकी उशिरा पोचते. आता कुणी प्रत्येक रांगेचा उशीर मोजला आणि पुढच्या रांगांचा आवाज तेवढा रोखून मग मागच्यांत मिळवला, तर सगळी प्रार्थना एका गळ्यातून आल्यासारखी ऐकू येईल.

दुर्बिणीत नेमकं हेच करावं लागतं. एखाद्या तार्‍याची लहर तिरपी येते, एका तबकडीला आधी भेटते, दुसरीला नंतर. २५ किलोमीटरच्या अंतरात हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या ८३ दशलक्षांश भागांएवढा. थोडा वाटतो ना? पण २१ सेंटिमीटरच्या लहरीत साडेदहा सेंटिमीटरची चूक झाली तर एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडतो आणि दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात. बेरीज करायला जावं आणि वजाबाकी होऊन बसावी! त्यात पृथ्वी फिरते आहे, त्यामुळे प्रत्येक तबकडीचा उशीर क्षणाक्षणाला बदलतो. म्हणून नुसती बेरीज करणारं सर्किट चालत नाही. बेरीज करता करता स्वतःला सतत जुळवून घेणारं सर्किट लागतं.

आता इतिहास. हे सगळं भारतात ज्यांच्यामुळे उभं राहिलं त्या गोविंद स्वरूप यांचा जन्म २३ मार्च १९२९ चा, उत्तर प्रदेशातल्या ठाकूरद्वारा गावचा. अलाहाबादला एम.एस्सी. करून ते दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत लागले. तिथे संचालक होते के. एस. कृष्णन. १९५२ साली कृष्णन सिडनीला एका परिषदेला गेले आणि तिथलं रेडिओ खगोलशास्त्र पाहून भारावून आले. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वरूपना ऑस्ट्रेलियाला पाठवलं. सिडनीजवळ पॉट्स हिल इथे ख्रिस्तियनसेन यांनी सूर्य पाहण्यासाठी ३२ छोट्या तबकड्यांची रांग लावली होती. प्रत्येकीचा व्यास सहा फूट. स्वरूप आणि त्यांचे सहकारी पार्थसारथी यांनी ती रांग १४२० मेगाहर्ट्झवरून ५०० मेगाहर्ट्झसाठी जुळवून घेतली आणि सूर्याचा अभ्यास केला. तबकड्या त्याच, ऐकायची लहर वेगळी. म्हणजे फेरजुळणीचा पहिला धडा तिथेच गिरवला म्हणायचा.

पुढे ती रांग मोडीत निघणार असं कळल्यावर या पंचविशीतल्या तरुणाने चक्क विचारलं, की या तबकड्या भारताला देता का? ऑस्ट्रेलियन संस्थेने हो म्हटलं! पण त्या बोटीने आणायचा खर्च कोणी करायचा यावर काही वर्षं गेली. तोवर स्वरूप अमेरिकेला गेले आणि स्टॅनफर्डला ब्रेसवेल यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली.

स्टॅनफर्डच्या कामातली एक गोष्ट मला फार आवडली. तबकड्यांपासून मधल्या खोलीपर्यंत लांबच लांब केबली. ऊन-थंडीने त्यांची विजेच्या हिशेबातली लांबी बदलते, आणि लांबी बदलली की उशीर बदलतो, बेरीज बिघडते. प्रत्येक केबल उकलून मोजायची तर जन्म जायचा. १९६१ साली स्वरूप आणि यांग यांनी युक्ती छापली. मधल्या खोलीतून केबलमध्ये लहर सोडायची. तबकडीच्या टोकाशी छोटासा डायोड ठेवायचा, तो परत फिरणार्‍या लहरीवर आपली ओळखीची खूण उमटवतो. परत आलेल्या खुणेवरून जाण्यायेण्याचा उशीर बसल्या जागी कळतो. आपण नाही का, दूरच्या पोराला "पोचल्याचं कळव रे" म्हणून सांगतो, तसंच काहीसं. मोठ्या दुर्बिणींच्या जुळणीला पुढे ही कल्पना फार उपयोगी पडली.

१९६१ मध्येच परदेशातल्या चार भारतीयांनी, म्हणजे स्वरूप, टी. के. मेनन, एम. आर. कुंडू आणि टी. कृष्णन यांनी, भारतात रेडिओ खगोलशास्त्राचा गट काढावा म्हणून पत्रं पाठवली. होमी भाभांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतर्फे जानेवारी १९६२ मध्ये तारेने होकार कळवला. सरकारी उत्तराची वाट पाहत म्हातारे झालेल्या आपल्यासारख्यांना हा वेग वाचूनच धाप लागते. १९६३ मध्ये स्वरूप परत आले, आणि तोवर दिल्लीत येऊन पडलेल्या त्या ३२ तबकड्या टाटा संस्थेकडे आल्या.

त्या बसवल्या कुठे? आपल्या कल्याणला! १९६५ मध्ये २४ तबकड्या पूर्व-पश्चिम आणि ८ दक्षिण-उत्तर अशा मांडून ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचं निरीक्षण सुरू झालं. मुंबईला जाताना कल्याण स्टेशनवर आपण हजारदा चहा प्यायलो असू. तेव्हा सिडनीहून आलेली, एकदा ५०० साठी आणि एकदा ६१० साठी जुळवलेली ही जुनी भांडी तिथे सूर्याचा आवाज ऐकत होती. गरीब देशाने विज्ञान कसं केलं हे मुलांना शिकवायचं असेल तर याहून चांगला धडा कुठला? आपल्या बायका जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात त्यातलाच हा प्रकार. कापड जुनंच, जुळणी नवी.

कल्याणला हात बसल्यावर पुढची उडी उटीची. १९७० मध्ये तिथे डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी पन्हळीसारखी दुर्बीण सुरू झाली. तिथल्या अक्षांशाएवढाच, म्हणजे सुमारे ११ अंशांचा, उतार शोधून काढला होता. त्यामुळे पन्हळीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि एकाच आसाभोवती फिरवून तारा तासन् तास धरून ठेवता येऊ लागला. हे झालं पूर्व-पश्चिम. पण दक्षिण-उत्तर कसं पाहायचं? अर्धा किलोमीटर लांबीची पन्हळ त्या दिशेने काही कलवता येत नाही.

इथे सर्किट कामाला आलं. पन्हळीच्या मधोमध १०५६ छोटे अँटेना ओळीने बसवले आहेत. प्रत्येकाच्या लहरीला ठरावीक मात्रेत मागे-पुढे सरकवायची सोय आहे, तिला फेज शिफ्टर म्हणतात. पहिल्याला थोडं, दुसर्‍याला जरा जास्त, तिसर्‍याला आणखी, असं चढत्या क्रमाने सरकवलं की दुर्बीण जागची न हलता तिची नजर उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे वळते. कवायतीत एक रांग वळवायची तर आतला मुलगा आखूड पावलं टाकतो आणि बाहेरचा लांब, तसंच. लोखंड न हलवता नुसत्या जुळणीने नजर वळवणं हे मला तरी जादूसारखं वाटतं.

आता खोडद. १९८४ च्या सुमारास स्वरूपनी नव्या दुर्बिणीचा विचार मांडला. आधी डोक्यात लांबट पन्हळीच होत्या. पुढे ऑप्टिकल फायबर हाताशी येऊ लागलं, दूरच्या तबकड्यांचा आवाज मध्यभागी आणणं आटोक्यात आलं आणि गोल तबकड्यांचा आराखडा ठरला. जागा पुण्यापासून उत्तरेला साधारण ऐंशी किलोमीटरवर निवडली. भोवती डोंगर, त्यामुळे शहरांचा रेडिओ गोंगाट अडतो.

एकूण ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. त्यातल्या १४ मध्यभागी एखाद किलोमीटरच्या परिसरात, बाकी १६ तीन फाट्यांवर, प्रत्येक फाटा सुमारे १४ किलोमीटरचा. आपल्याकडचं चित्र डोळ्यांपुढे आणायचं तर मधला गट धरणगावात, एक फाटा जळगावच्या बाजूला, एक अमळनेरच्या आणि एक एरंडोलच्या. सगळ्यात दूरच्या दोन तबकड्यांमधलं अंतर साधारण २५ किलोमीटर. त्यामुळे अडीच किलोमीटरवर ठेवलेलं रुपयाचं नाणं जेवढं बारीक दिसेल तेवढं बारीक हिला आकाशात वेगळं ओळखता येतं.

एवढ्या मोठ्या तबकड्या आणि त्याही तीस, पैसा आणायचा कुठून? तर त्या भरीव पत्र्याच्या केल्याच नाहीत. ०.५५ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी दोरखंडांच्या सांगाड्यावर ताणून बसवली. जाळीची भोकं १० ते २० मिलिमीटरची. लहर त्यापेक्षा कितीतरी लांब, त्यामुळे तिला ती जाळी भिंतीसारखीच वाटते. वारा मात्र आरपार निघून जातो. वार्‍याचा जोर कमी म्हणून सांगाडा हलका, सांगाडा हलका म्हणून खर्च कमी. दारावरची डास अडवायची जाळी वारा घेते आणि डास ठेवते बाहेर, हे तर आपल्याला घरोघरी ठाऊक आहे. पण ते एवढ्या मोठ्या प्रमाणावर सुचायला गोविंद स्वरूपच लागतात.

प्रत्येक तबकडीच्या टोकावर, जिथे लहरी गोळा होतात तिथे, एक फिरतं चौक असतं. त्याच्या चार बाजूंना वेगवेगळ्या लहरींसाठी वेगवेगळे अँटेना. जी लहर ऐकायची ती बाजू फिरवून खाली आणायची. आमच्या रेडिओला मीडियम वेव्ह, शॉर्ट वेव्ह बदलायचा खटका असायचा ना, त्याचाच हा थोरला भाऊ. तिथून आवाज वाढवून फायबरने मधल्या इमारतीत येतो, तिथे प्रत्येकाचा उशीर भरून काढला जातो, आणि मग प्रत्येक तबकडीची प्रत्येकीशी गाठ घातली जाते. तीस जणांनी एकमेकांशी हस्तांदोलन केलं तर किती वेळा होईल, हे गणित आपण सातवी-आठवीत केलेलं आहे. तीस गुणिले एकोणतीस, भागिले दोन. ४३५ जोड्या. या ४३५ जोड्यांचं जुळणं क्षणोक्षणी मोजून त्यातून आकाशाचं चित्र तयार होतं. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण रतन टाटांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाली.

इतपत वाचलं तेव्हा माझ्या मनात आलं, की नव्वदच्या दशकातलं यंत्र आज कसं चालत असेल? तेव्हाचे टीव्ही, तेव्हाचे कॉम्प्युटर आज भंगारवाल्याकडेही दिसत नाहीत. त्याचं उत्तरच या लेखाचा गाभा आहे. लोखंड, जाळी, पाया हे तसंच ठेवलं आणि त्यामागची सर्किटं बदलत गेले.

पहिलं बेरजेचं यंत्र ठरावीक कामासाठी घडवलेल्या चिप्सचं होतं आणि एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचाच पट्टा पाहू शके. पुढे तेच काम कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅमने होऊ लागलं. मग दुर्बिणीचा मोठा जीर्णोद्धार झाला. नवे रुंद पट्ट्याचे अँटेना आणि रिसीव्हर आले. १२० ते २५०, २५० ते ५००, ५५० ते ८५०, १०५० ते १४५० मेगाहर्ट्झ असे चार पट्टे. मागचं यंत्र आता एका वेळी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत सांभाळतं. पूर्वी दाराची फट होती, आता दार उघडलं.

या नव्या यंत्रात एफपीजीए नावाच्या चिप्स आहेत. पुतण्याने दोनदा समजावलं तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. साधी चिप म्हणजे शिलालेख. एकदा कोरला की कोरला. एफपीजीए म्हणजे पाटी. तिच्या आतल्या जोडण्याच पुन्हा लिहिता येतात. आज एक सर्किट लिहा, उद्या पुसून दुसरं लिहा, चिप तीच. इतिहासाच्या बाईला शिलालेखांबद्दल आदर असायचाच, पण शाळा चालते ती पाटीवर.

त्यामुळे तेच तीस कान हवे तसे लावता येतात. चित्र हवं असेल तर ४३५ जोड्या. पल्सार, म्हणजे ठेक्यात ठोके देणारे मेलेले तारे ऐकायचे असतील तर सगळ्यांचे आवाज नीट जुळवून एकच मोठा कान. नुसताच शोध घ्यायचा असेल तर जुळवणी न करता फक्त ताकदीची बेरीज. त्यात जोर कमी, पण एका वेळी आकाश जास्त दिसतं. काही तबकड्या एका कामाला आणि काही दुसर्‍या कामाला अशी वाटणीही होते.

याने काय मिळालं? २००४ मध्ये एनजीसी १८५१ या तारकागुच्छात एक पल्सार सापडला, जीएमआरटीने शोधलेला तो पहिला. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याची बारीकशी शीळ खोडदला थेट ऐकू आली. ती होती ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे २५० ते ५०० च्या नव्या पट्ट्यात बसणारी. यान शेवटी आदळलं, पण ते गप्प कधी झालं याचा एक साक्षीदार जुन्नर तालुक्यात होता. जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली, की एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची लहर जीएमआरटीने टिपली. निघाली तेव्हा २१ सेंटिमीटरची, ८८० कोटी वर्षांच्या प्रवासात विश्वाबरोबर ताणली जाऊन पोचली तेव्हा ४८ सेंटिमीटरची. वाटेतल्या दुसर्‍या दीर्घिकेने भिंगासारखी मोठी केली म्हणून ती ऐकू आली. आणि जून २०२३ मध्ये अनेक पल्सारांचे ठोके वर्षानुवर्षं मोजून अतिदीर्घ गुरुत्वलहरींच्या खुणा सापडल्याचं जगातल्या काही गटांनी एकदमच जाहीर केलं, त्यात खोडदच्या नोंदी वापरणारा भारतीय गटही होता. आय-ट्रिपल-ई या जागतिक संस्थेनेही या दुर्बिणीला 'माइलस्टोन'चा मान दिला. भारतात हा मान त्याआधी जगदीशचंद्र बोस आणि सी. व्ही. रामन यांच्या कामालाच मिळाला होता.

स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात गेले. कोरोनाचा काळ, त्यामुळे बातमीही अनेकांच्या नजरेतून सुटली.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो थोडा कडू आहे. लहर बदलली तर पट्टा बदलता येतो, उशीर बदलला तर भरून काढता येतो, बारीकसारीक खरखर सर्किटाने गाळताही येते. पण कानाशीच कुणी ढोल बडवू लागलं तर फेरजुळणी कुठवर पुरणार? मोबाइलचे टॉवर, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, सगळाच गोंगाट.

पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा आराखडा नारायणगाव परिसरातून जाणारा होता. दुर्बिणीला बाधा येईल म्हणून तो अडला, रेल्वेमंत्र्यांनी तसं जाहीरपणे सांगितलं आणि शिर्डीकडून वळून जाणारा मार्ग पुढे आला. जुन्नर, संगमनेर भागातल्या लोकांना हे झोंबलं. मला त्यांचा राग समजतो. आमचं धरणगाव सुरत-भुसावळ मार्गावर आहे. स्टेशन असलेल्या गावाला काय मिळतं हे मी जन्मभर पाहिलं आहे. कापूस गेला, पोरं शिकायला गेली, लेकीबाळी माहेरी आल्या, सगळं त्या रुळांवरून. "तारे ऐकायला आमची गाडी का अडवता?" असं तिथल्या शेतकर्‍याने विचारलं तर त्याला अडाणी म्हणायची माझी हिंमत नाही.

तरीही माझं मत दुर्बिणीच्या बाजूने पडतं. रूळ वळवता येतात, खर्च वाढतो, वेळ जातो, पण वळतात. शांत जागा मात्र एकदा गेली की कुठल्याही सर्किटाने परत येत नाही. ज्या यंत्रात आपण सगळं बदलता येईल असं केलं, त्यातली ही एकच गोष्ट बदलता येणारी नाही. मात्र त्याचबरोबर एक गोष्ट सरकारला सांगावीशी वाटते. देशाच्या विज्ञानासाठी त्या भागाने आपली शांतता राखायची असेल, तर त्या शांततेचा मोबदला तिथल्या लोकांना दुसर्‍या वाटेने मिळाला पाहिजे. चांगले रस्ते द्या, चांगली कॉलेजं द्या, आणि शाळांना विज्ञानाचे शिक्षक द्या. त्याग एका तालुक्याने करायचा आणि अभिमान सगळ्या देशाने मिरवायचा, हे बरं दिसत नाही.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या निमित्ताने खोडदला प्रदर्शन भरतं. खेड्यापाड्यांतल्या शाळांची मुलं हजारोंनी येतात, स्वतः केलेली उपकरणं मांडतात. मराठी शाळेतलं पोर त्या जाळीच्या तबकडीखाली उभं राहून मान वर करून बघतं, तेव्हा त्याच्या डोक्यात काय जुळत असेल कोण जाणे. आपल्या नात्यागोत्यात जी मंडळी पुण्या-नाशिकला आहेत, त्यांनी एखाद्या वर्षी पोरांना घेऊन जरूर जावं. जाताना मोबाइल तेवढा बंद ठेवा म्हणजे झालं.

असो. लेख लांबला. पुढच्या वेळी परत आपल्या नेहमीच्या विषयाकडे, तापी खोर्‍यातल्या जुन्या वाड्यांकडे वळू.